हिरवळीवर दरवर्षी त्याच जागी पडणारे पिवळे डाग: कारण कसे शोधावे आणि उपाय कधी करावा

घरापुढची हिरवळ वर्षातले बरेच महिने डोळ्यांना सुखावते आणि मग ठरावीक दिवस आले की तिच्यावर पिवळे, तपकिरी डाग उमटू लागतात. पाणी वाढवले, खत टाकले, एखादे औषध फवारले की ते थोडे मागे हटतात आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा दिसतात. एकदाच पडलेला डाग आणि दरवर्षी परतणारा डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच लक्षात घेतले पाहिजे. एकदाच पडलेल्या डागाला सांडलेले खत किंवा आठवडाभर पडून राहिलेली ताडपत्री एवढे कारण पुरते; परतणाऱ्या डागाचे कारण मात्र कुठेतरी टिकून असते, आणि ते बहुतेक वेळा पानात नसून मातीत, सावलीत, यंत्राच्या पात्यात किंवा पाणी देण्याच्या आपल्या सवयीत असते. म्हणून पानावर केलेला उपाय त्याला पुरा पडत नाही.

औषधाची बाटली हातात घेण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि त्या वहीत डागाची जागा, तो पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि त्याचा आकार एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात. डाग दरवर्षी अगदी त्याच जागी येत असेल तर दोष त्या जागेत आहे, म्हणजे खालची माती, निचरा, सावली किंवा उंचसखलपणा यांपैकी काहीतरी बिघडले आहे. डाग दरवर्षी त्याच ऋतूत, पण जागा बदलून येत असेल तर बुरशी किंवा कीड यांचा संशय घ्यावा. सगळी हिरवळ एकसारखी फिकी पडत असेल तर तो बहुधा रोग नसतो. ती गवताची सुप्तावस्था असते किंवा अन्नद्रव्याची कमतरता असते. आकारही बरेच सांगतो: सरळ पट्टे माणसाच्या हातून किंवा यंत्रातून येतात, गोल कडी बुरशीतून येतात आणि वेडेवाकडे, पसरत जाणारे डाग बहुधा किडीचे असतात. ही विभागणी शंभर टक्के बिनचूक नाही, पण शोध कोणत्या दिशेने सुरू करायचा हे ती नक्की ठरवून देते.

ही वही मी उशिरा सुरू केली आणि त्याची किंमत हिरवळीने मोजली. फरसबंद वाटेच्या कडेला, साधारण दोन हात लांबीचा एक पट्टा दर उन्हाळ्यात सर्वांत आधी करपत असे. पहिल्या वर्षी मी तिथे जास्त पाणी दिले, दुसऱ्या वर्षी युरिया दिला आणि युरियाने तो पट्टा आणखी लवकर वाळला. तिसऱ्या वर्षी लांब पेचकस घेऊन त्या पट्ट्यात जागोजागी टोचून पाहिले. हिरव्या भागात तो मुठीपर्यंत सहज आत जात होता. पिवळ्या भागात चार बोटे गेला की खणकन आवाज येऊन अडत होता. गवताचा चौकोन उचलून खाली खणले तेव्हा बांधकामाच्या वेळी पुरलेले विटांचे तुकडे आणि घट्ट झालेल्या सिमेंटचा एक गठ्ठा निघाला. त्याच्यावर माती जेमतेम चार बोटे होती. एवढ्या पातळ थरात ओलावा राहणार तरी किती? थंड आणि ओल्या दिवसांत तेवढी माती पुरत होती, म्हणून पट्टा हिरवा दिसत होता. ऊन चढले की तो सर्वांत आधी सुकत होता. राडारोडा काढून एक वीतभर चांगली माती भरली, उचललेले गवत परत बसवले, आणि त्या जागेचा प्रश्न तिथेच संपला.

पेचकसाची ही परीक्षा मी सर्वांना आग्रहाने सांगतो, कारण तिला खर्च नाही आणि ती खोटे बोलत नाही. ती पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना करावी; कोरड्या ठणठणीत जमिनीत पेचकस सगळीकडेच अडतो आणि चिखलात सगळीकडेच घुसतो, त्यामुळे दोन्ही वेळी काही कळत नाही. हिरव्या आणि पिवळ्या अशा दोन्ही भागांत किमान पाच-पाच ठिकाणी टोचून तुलना करावी. खणखणीत अडथळा लागला तर खाली दगड-विटा आहेत. अडथळा नाही पण जोर फार लावावा लागतो, असे असेल तर माती दबलेली आहे. रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, मुलांच्या खेळाच्या जागी, वाहन वळते त्या कोपऱ्यावर हे हमखास आढळते.

दबलेल्या मातीवर खत हा उपाय नाही, कारण तिथे मुळांना आधी हवा कमी पडलेली असते. अशा जागी पोकळ दात्यांच्या अवजाराने पाच ते आठ सेंटीमीटर खोल छिद्रे पाडून मातीच्या लहान गुंडाळ्या बाहेर काढाव्यात, त्या वरच वाळू द्याव्यात आणि दाताळ्याने फोडून पसराव्यात. भरीव खिळ्यांच्या चपला किंवा रूळ वापरून केलेली छिद्रे चिकणमातीत फारशी उपयोगी पडत नाहीत. खिळा माती बाहेर काढत नाही, ती बाजूला दाबतो. हे काम गवत जोमाने वाढत असतानाच करावे, म्हणजे झालेली जखम लवकर भरून येते. छिद्रांनंतर चाळलेले, पूर्ण कुजलेले कंपोस्ट पातळ पसरावे. चिकणमातीवर थोडीशी वाळू टाकून ती भुसभुशीत होईल ही समजूत मात्र सोडून द्यावी. अपुऱ्या वाळूने चिकणमाती उलट अधिक कडक होते. आणि ज्या वाटेने माणसे रोज चालणारच आहेत, तिथे दरवर्षी गवताची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा पायटाकणीचे सपाट दगड बसवावेत.

उन्हाळ्यातील डाग: पाणी किती, आणि पोहोचते कुठे

गवताला तहान लागली की पिवळेपणाच्या आधी दोन खुणा दिसतात. पाती लांबीत दुमडतात आणि हिरव्या रंगावर निळसर-राखाडी झाक येते. शिवाय हिरवळीवरून चालत गेल्यावर पावलांचे ठसे लगेच उठत नाहीत, बराच वेळ तसेच दबलेले राहतात. या टप्प्यावर पाणी मिळाले तर नुकसान होत नाही. ही खूण दरवर्षी त्याच भागात सर्वांत आधी दिसत असेल, तर पाणी एकूण कमी नाही, ते सारखे पोहोचत नाही असे समजावे.

त्यासाठी सरळ कडांचे, एकाच मापाचे पाच-सहा डबे हिरवळीवर हिरव्या आणि पिवळ्या भागांत ठेवून तुषार सिंचन पंधरा मिनिटे चालू करावे आणि मग प्रत्येक डब्यातले पाणी पट्टीने मोजावे. एका डब्यात दहा मिलिमीटर आणि दुसऱ्यात तीन मिलिमीटर पाणी निघाले, तर डागाचे कारण तुमच्या डोळ्यांपुढेच आहे. तोटीत अडकलेला खडा, वाकडे बसलेले तुषारमुख, मध्ये वाढलेले झुडूप किंवा कमी पडणारा दाब यांपैकी एखादी गोष्ट दुरुस्त केली की काम होते. वाढीच्या उष्ण दिवसांत पाऊस धरून आठवड्याला सुमारे 25 मिलिमीटर पाणी हे बहुतेक हिरवळींसाठी चांगले प्रारंभीचे माप आहे. म्हणजे एका चौरस मीटरला 25 लिटर. ते रोज थोडे थोडे देऊ नये. आठवड्यातून दोनदा, माती सुमारे 15 सेंटीमीटर खोल भिजेल असे द्यावे. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि पहिल्याच उष्ण आठवड्यात होरपळतात. वाळूसर मातीत एवढे पाणी अधिक वेळा विभागून द्यावे लागते, आणि चिकणमातीत एका वेळी दिलेले पाणी वाहून जाऊ लागले तर थांबून, मुरू देऊन, पुन्हा द्यावे.

कधी कधी पाणी पुरेसे पडते, पण माती ते घेतच नाही. विशेषतः वाळूसर माती एकदा पूर्ण कोरडी झाली की कुजलेल्या पालापाचोळ्यातला मेणचट अंश तिच्या कणांवर बसतो आणि पाणी वरून ओघळून जाते. त्या जागेतून बोटभर मातीचा तुकडा काढून त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर हाच दोष आहे. मग छिद्रे पाडून, थोडे थोडे पाणी अनेकदा देऊन ती जागा पुन्हा ओली होण्याची सवय लावावी लागते. बाजारात यासाठी माती ओली करणारी द्रव्ये मिळतात आणि या एका बाबतीत ती खरोखर उपयोगी पडतात.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे. रात्री दिलेल्या पाण्याने पाती तासन्‌तास ओली राहतात, आणि बुरशीला नेमके तेच हवे असते.

पावसाळी आणि दमट दिवसांतील डाग

उबदार रात्री, दमट हवा आणि ओली पाती एकत्र आली की ताटाएवढे किंवा त्याहून मोठे गोल, तपकिरी डाग रातोरात वाढतात. पहाटे दव असताना वाकून पाहिले तर डागाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसू शकतात. ऊन वर आले की ते नाहीसे होतात, म्हणून दहा वाजता पाहणाऱ्याला ते कधीच सापडत नाहीत. या रोगात नत्रयुक्त खत लगेच थांबवावे, कारण नत्राने आलेली कोवळी, रसदार पाती बुरशी आधी खाते. पण बुरशी दिसली की खत बंद, हा नियम सरसकट लावू नये. नाण्याएवढे, पेंढ्याच्या रंगाचे अनेक बारीक ठिपके पडणे आणि पात्यांवर नारिंगी तांबेरा येणे हे दोन रोग उलट उपाशी, मंद वाढणाऱ्या गवतावर जास्त येतात. तांबेरा ओळखणे सोपे आहे: पांढरे फडके पात्यांवरून ओढले की त्यावर विटकरी भुकटी उमटते. इथे हलके नत्र देऊन गवताला वाढायला लावणे आणि नियमित कापणीने रोगट टोके काढून टाकणे हाच उपाय आहे. म्हणून रोगाचे नाव निश्चित करूनच खताचा निर्णय घ्यावा.

पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही जिथे पाणी साचून राहते, तिथे पिवळेपणा, शेवाळ आणि लव्हाळा हे तिघे बरोबरच येतात. शेवाळ गवताला मारते असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की गवत ओलीमुळे, सावलीमुळे किंवा दबलेल्या मातीमुळे आधी विरळ होते आणि रिकाम्या झालेल्या जागेत शेवाळ बसते. ते खरवडून काढले तरी कारण तसेच राहिले तर पुढच्या ओल्या हंगामात ते परत येणार. छपराचे पाणी हिरवळीवर पडत असेल तर ते आधी वळवावे, सखल भाग भरावा आणि उतार घरापासून दूर जाईल असा करावा. लव्हाळा मात्र उपटून जात नाही. ओढला की वरचे पान हातात येते आणि जमिनीतली गाठ पुन्हा फुटते. ओल्या मातीतून खुरप्याने गाठीसकट काढणे आणि नवे पान दिसताच पुन्हा काढणे, असे दोन-तीन हंगाम चिकाटीने केले तर तो क्षीण होतो.

थंडीतील फिकेपणा: आजार की झोप

इथे पुष्कळ पाणी आणि खत वाया जाते. हरळी, झोइशिया यांसारखी उष्ण हंगामी गवते साधारण 27 ते 35 अंश सेल्सिअसला उत्तम वाढतात आणि मातीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरले की तपकिरी होऊन झोपी जातात. राय, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही थंड हंगामी गवते 15 ते 24 अंशांत बहरतात आणि कडक उन्हाळ्यात तशीच झोपतात. आपल्या हिरवळीत यांपैकी कोणत्या गटातले गवत आहे हे माहीत नसेल तर ऋतूनुसार काळजी घेणे शक्यच नाही, कारण एकाच्या भरभराटीचा काळ हा दुसऱ्याच्या विश्रांतीचा काळ असतो. झोपलेले आणि मेलेले गवत ओळखण्यासाठी एक झुबका मुळासकट उपटून बुंध्याजवळ पाहावे: बुंधा पांढरट, टणक आणि किंचित ओलसर असेल तर गवत जिवंत आहे, तो तपकिरी, पोकळ आणि सहज चुरगळणारा असेल तर ते मेले आहे. झोपलेल्या गवताला खत देऊ नये. उन्हाळ्यात झोपलेल्या थंड हंगामी गवताला दोन ते चार आठवड्यांतून एकदा सुमारे 12 मिलिमीटर पाणी दिले तर बुंधे जिवंत राहतात. भरपूर पाणी देऊन त्याला जागे करणे आणि मग पाणी तोडून पुन्हा झोपवणे, असे एकाच हंगामात वारंवार केल्याने मात्र त्याच्या साठ्यातली शक्ती संपते.

हरळीवर थंडीपुरती राय पेरणाऱ्यांना उष्म्याच्या सुरुवातीला दरवर्षी विरळ ठिगळे दिसतात. दाट राय अजून हिरवी असते आणि तिच्या सावलीत हरळी जागी होऊ शकत नाही. मग ऊन वाढून राय अचानक मरते आणि जमीन उघडी पडते. ऊब येऊ लागताच राय टप्प्याटप्प्याने आखूड कापून हरळीला उजेड द्यावा.

यंत्र, खत आणि कीड

कापणीत होणारे नुकसान लोक रोगाच्या खात्यावर टाकतात. उंचवट्यावर यंत्राचे पाते खाली घासते आणि बुंध्यापर्यंत गवत खरवडले जाते, म्हणून ती जागा दर कापणीनंतर पिवळी पडते. तिथे गवताची चकती उचलून खालची माती कमी करणे हाच इलाज आहे. यंत्राचे पाते बोथट असेल तर गवताच्या पात्यांची टोके कापली न जाता फाटतात आणि एक-दोन दिवसांत साऱ्या हिरवळीवर पांढुरकी छटा येते. गवताचे एखादे पाते हातात घेऊन टोक पाहिले की चिंध्या झालेली कड स्पष्ट दिसते. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कधीही कापू नये: सहा सेंटीमीटर उंची राखायची असेल तर गवत नऊ सेंटीमीटर झाले की कापावे. बारीक हरळी अडीच ते चार सेंटीमीटरवर शोभते, उंच फेस्क्यूला मात्र सहा ते नऊ सेंटीमीटर लागतात, आणि सावलीतले कोणतेही गवत थोडे उंचच ठेवावे. कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्यावे; ते कुजून नत्र परत देते आणि वाळक्या काड्यांचा जाड थर त्याच्यामुळे साचत नाही. तो थर बुंधे, मुळे आणि धावत्या फुटव्यांचा असतो, आणि तो सव्वा सेंटीमीटरहून जाड झाला की पाणी वरच अडते, म्हणून त्याला दाताळ्याने उपसावे लागते.

खताच्या बाबतीत मापाशिवाय काहीही टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. झटपट विरघळणारे नत्र एका वेळी चौरस मीटरला पाच ग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे युरिया सुमारे 11 ग्रॅम, जेमतेम एक सपाट मोठा चमचा. मुठीने फेकलेला युरिया एका जागी याच्या कितीतरी पट पडतो आणि तिथे गवत जळते. खत कोरड्या पात्यांवर टाकावे आणि लगेच पाणी देऊन खाली उतरवावे. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर नत्र कमी आहे. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे, आणि तिथे युरियाने काही साधत नाही. सिमेंटच्या भिंतीलगत आणि वाटेच्या कडेला हे वारंवार दिसते, कारण तिथून झिरपणारा चुना मातीचा सामू (आम्ल-अल्कलीपणाचे माप) वाढवतो आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) सौम्य फवारणीने रंग परततो, परंतु फरशीवर तिचे गंजाचे डाग पडतात, म्हणून फरशी आधी झाकावी. आणि कायमच्या उपायासाठी मातीचा सामू तपासून घ्यावा.

आता कीड. पिवळा भाग मुठीत धरून ओढला आणि तो सतरंजीसारखा उचलला गेला, तर हुमणीने मुळे खाल्ली आहेत. खात्रीसाठी 30 सेंटीमीटर बाजूचा चौकोन तीन बाजूंनी कापून उलटावा आणि वरच्या पाच-आठ सेंटीमीटर मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या मोजाव्यात. दोन-चार अळ्या निरोगी हिरवळ सहन करते. आठ-दहाच्या वर गेल्या तर उपाय करावा. अळ्या लहान असतानाच उपाय लागू पडतो, मोठ्या झालेल्या अळ्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. हुमणीला मारणारे उपयुक्त सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी) संध्याकाळी, ओल्या मातीत सोडावेत आणि पुढचे काही दिवस माती ओली ठेवावी. दरवर्षी दिव्याखालच्याच भागात हुमणी होत असेल तर तिचे प्रौढ रूप असलेले भुंगेरे उडण्याच्या दिवसांत तो दिवा बंद ठेवून पाहावा, कारण अनेक जातींचे भुंगेरे उजेडाकडे येतात. मधोमध मेलेले आणि भोवती गर्द हिरवे कडे असलेले लहान वर्तुळ, ज्यातले गवत ओढूनही उचलत नाही, ते मात्र किडीचे नसते. ते कुत्र्याच्या मूत्रातील नत्राचे असते, आणि तिथे लगेच भरपूर पाणी ओतणे एवढेच करायचे असते.

सावली आणि डागाची दुरुस्ती

झाडाखालचे गवत पालवी दाटली की दरवर्षी विरळ होत असेल, तर त्या जागी सूर्यप्रकाशाचे तास मोजावेत. हरळीला सहा ते आठ तास थेट ऊन लागते. सावली सोसणाऱ्या गवतांनाही चारेक तास तरी हवेतच. फांद्या छाटूनही तेवढे ऊन मिळत नसेल तर तिथे गवताचा हट्ट सोडावा आणि सावलीत पसरणारी झाडे लावावीत किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. झाडाच्या मुळांसाठीही ते अधिक हिताचे आहे.

कारण दूर झाल्यानंतरच डाग भरावा, आणि तोही योग्य हंगामात: उष्ण हंगामी गवत ऊब स्थिर झाल्यावर, थंड हंगामी गवत उन्हाळा ओसरल्यावर. मेलेले गवत काढून माती बोटभर मोकळी करावी, कंपोस्ट मिसळावे आणि भोवतालच्या पातळीशी जुळवून हलके दाबावे. मग शेजारच्याच जातीचे बी टाकावे किंवा हरळीसारख्या गवताचे फुटवे वीतभर अंतरावर रोवावेत. उगवण होईपर्यंत वरचा थर दिवसातून दोन-तीनदा हलका ओला ठेवावा आणि त्यानंतर पाण्याच्या पाळ्या कमी करून खोल पाण्याकडे वळावे. ओढल्यावर रोप मातीत घट्ट धरलेले लागेपर्यंत पहिली कापणी करू नये. वहीत दुरुस्तीची तारीख लिहून ठेवावी, आणि पुढच्या वर्षी तो काळ येण्याच्या पंधरा दिवस आधी त्या जागी पेचकस टोचून पाहावा.